जांभळे दाणे

दीर : ...नाही वहिनी, मी आपला सहजच आलो होतो.

वहिनी : सहज? मेलेल्या पक्ष्यांच्या खोलीत सहज कुणी येत नाही, भाऊजी. दोन वर्षांत घराची पायरी चढला नाहीत, आणि आज थेट माझ्या प्रयोगशाळेत! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? कारखान्यानं पाठवलंय ना?

दीर : साहेबांचं म्हणणं एवढंच, की तुमच्या या पक्ष्यांच्या अहवालात 'प्लास्टिक कारखान्यातले दाणे' असं लिहू नका. 'उगम अज्ञात' लिहा.

वहिनी : अगंबाई, एवढंच? वर साहेबांचा फोटोही छापू का?

दीर : चेष्टा नको. किनारा आम्ही रोज सकाळी झाडून घेतो. एक पिशवी दिसायची नाही तुम्हाला.

वहिनी : वाळू झाडता. समुद्र कोण झाडतो? हा पक्षी जमिनीला लागतो तो अंडी घालायला, नाहीतर मरायला. बाकी सगळा जन्म पाण्यावर. तरंगताना दिसेल ते गिळतो आणि त्यातलं बरंच पोटात राहतं. म्हणून तर वाहून आलेले पक्षी आम्ही गोळा करतो आणि दरसाल पोटं उघडून बघतो. समुद्र सुधारला की बिघडला, हे तुमच्या पत्रकांपेक्षा यांच्याकडून नीट कळतं.

दीर : पण पाच-पन्नास पक्ष्यांवरून अख्ख्या कारखान्याला...

वहिनी : बसा त्या स्टुलावर. हातमोजे घाला.

दीर : मी?

वहिनी : तुम्हीच. मी काढलं तर म्हणाल, वहिनीनं मुद्दाम घातलं. नाकावरचा रुमाल सोडा, दोन्ही हात लागतील. ही कात्री. इथून, छातीच्या हाडाखालून.

दीर : वास केवढा येतोय!

वहिनी : मेलाय तो. अत्तर लावून मरायचं त्याला सुचलं नाही. हं, ती पिशवी दिसतेय ना, तेच पोट. चाळणीवर धरा आणि चिरा. पाणी मी सोडते.

दीर : हा दोरा कसला?

वहिनी : जाळ्याचा. हा टोपणाचा तुकडा. ही फुग्याची रिबीन. कुणाचा तरी वाढदिवस झोकात झालेला दिसतोय. आता चिमट्यानं दाणे वेगळे करा. मोठ्यानं मोजा.

दीर : एक. दोन. तीन. पांढरे आहेत. बादल्या-खेळणी ओतायला लागणारे असले दाणे शंभर कारखाने करतात, वहिनी. चार...

वहिनी : का थांबलात?

दीर : काही नाही.

वहिनी : रंग सांगा.

दीर : जांभळा. पण हा कुणाचाही असू शकतो.

वहिनी : हो का? तुम्हीच आमच्याकडे जेवताना छाती फुगवून सांगितलं होतंत. असा जांभळा आमच्याशिवाय कुणाला जमला नाही, खेळणीवाल्यासाठी एकदाच काढला.

दीर : त्याला दोन वर्षं झाली!

वहिनी : मग? समुद्रात कुजायला ती काय पालेभाजी आहे? तुमचे दादा तेव्हा गोदाम सांभाळत होते. माझी आई आजारी म्हणून आठवडाभर रजेवर गेले. परतले तर जांभळ्याच्या आठ गोणी कमी. गोणी नाहीत ही बोंब ह्यांनीच मारली आणि रजेआधीच विकल्या असतील म्हणत चोर म्हणून ह्यांनाच काढलं. परतले त्याच संध्याकाळी ह्यांच्या बुटाच्या तळव्यातून मी असले चार दाणे उपटले होते. म्हणाले, गोदामाच्या गटारापाशी चिकटले असतील. चोर गोणी गटारातून नेतात का हो, भाऊजी?

(दीर चाळणीतले उरलेले जांभळे दाणे चिमट्यानं एकेक करून बाजूला काढतो.)

दीर : थप्पी कोसळली. आठही गोणी फुटल्या. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. दाणे वेचायला दोन दिवस गेले असते. मी म्हटलं, पाणी मारा, गटारातून जाऊ देत समुद्रात.

वहिनी : तुम्ही म्हटलंत.

दीर : दादा आला की सांगणारच होतो. पण तो आधी साहेबांकडे गेला. मग खरं बोललो असतो तर माझी नोकरी...

वहिनी : चौकशीत मान खाली घालून बसला होतात. मला वाटलं, भावाची लाज वाटतेय. सख्ख्या भावाला तोंडावर चोर म्हटलेलं ऐकलंत आणि कँटीनमध्ये जाऊन जेवलात.

दीर : घास गेला नाही त्या दिवशी.

वहिनी : अरेरे. उपास घडला म्हणायचा.

दीर : बोला, काय बोलायचं ते. अहवालात काय लिहिणार?

वहिनी : तुम्ही मोजाल ते. हा कागद. मोजणाऱ्याची सही खाली असते. जांभळे किती?

दीर : एकोणीस.

वहिनी : अंकात लिहा, अक्षरांतही लिहा.

दीर : उद्या साहेब मलाही काढतील.

वहिनी : काढतील.

दीर : लिहिलं. ही सही.

वहिनी : ठेवा इकडे. हात धुवा, साबण डाव्या बाजूला आहे.

दीर : वहिनी, आत्ता गेलो तर... दादा घरी असेल?

वहिनी : असतात. दोन वर्षं घरीच असतात.