मावा न येणारी मिरची

हिवरखेडहून अकोल्याला निघालेल्या एसटीत दीक्षा बसली होती. मिरचीच्या किडींवरच तिचा अभ्यास चालू होता, म्हणून पुढच्या बाकावरचं बोलणं कानी पडताच तिने हातातलं पुस्तक मिटलं. एक शेतकरीण शेजारी बसलेल्या बियाणं विकणाऱ्या माणसाला किडीने भरलेली मिरचीची फांदी दाखवत होती.

"भाऊ, याच्यावर मावा येत नाही म्हणून तुमीच बियाणं देलं होतं ना?"

"येत नाही म्हणजे कमी येते, काकू."

"त्या माव्याले कोणी सांगतलं नाही वाटते."

"युरिया जास्त टाकला असन तुमी."

"टाकलाच नाही."

"मंग शेजारच्या वावरातून आला असन."

"शेजारी इंदूबाईची घरच्या बियाण्याची मिरची आहे. तिच्यावर एक कीड नाही."

"तिनं फवारलं असन."

"तिच्या घरी पंपच नाही."

माणूस तिच्याजवळ सरकला. मग त्याने आवाज खाली आणला.

"काकू, तिच्याजवळून थोडं बी भेटन का?"

"भेटन ना. पण इंदूबाई ज्याले बी देते, त्याचं घर आधी पाहून येते. तुमचं घर कोठी आहे?"

तिकीट अकोल्याचं असूनही तो अकोटलाच उतरला. दीक्षा उठली आणि त्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.