दुसरा तडाखा

शांभवी : हात मागून धुवा. आधी सांगा, नेसत्या वेष्टीवर हे रक्त कोणाचं?

वरुणराव : रघुपतीचं.

शांभवी : आपल्या? पापनाशमच्या रघुपतीचं? काल इथं बसून इडली खाऊन गेला तो?

वरुणराव : तोच. सकाळी तिरुवैयारूस कावेरीकाठी माझ्या क्लासास आला. बाकी कोणी आलं नव्हतं. वाळूंत फोन उभा करून ठेवला नी म्हणाला, "वाध्यार, एक रील करूंया. मी हिरो, तुम्ही शिपाई."

शांभवी : अय्यो! परत तो साईरामच्या कंपनीचा गेम.

वरुणराव : मी नको म्हटलं. ऐकेना. काठी घेऊन धावत आला. डोकं उघडं, छाती उघडी. सिलंबमचा, ह्या काठीच्या विद्येचा, पहिला धडाच तो, आपलं डोकं झाकायचं नी मग दुसऱ्यावर जायचं. मीच शिकवलेला. तो हसत होता, शांभवी. मी मारीन हे त्याच्या मनांतच नव्हतं.

शांभवी : का नव्हतं?

वरुणराव : तुझ्या दिरास विचार. आला बघ.

(साईराम आत येतो. हातात दोन फोन.)

साईराम : अण्णा, जीव वाचला. पण डावा डोळा गेला म्हणतात डॉक्टर.

शांभवी : बसू नकोस, साईराम. उभ्यानंच सांग. तुमच्या कंपनीत यांना नेऊन काय केलंत तुम्ही?

साईराम : वैनी, चेन्नैला अण्णांच्या अंगभर सेन्सर लावून दिवसभर शूट केलं. काय सुंदर आलं होतं! सिनेमावरच्या त्या गेममधला प्रत्येक शिपाई अण्णांसारखा लढायचा. खेळणाऱ्याला घाम फुटायचा. मग हिरोच्या माणसांचा मेल आला. हिरोला मार लागता कामा नये, तो पडता कामा नये, त्याचं रक्त दिसता कामा नये. सिनेमा त्याच महिन्यात रिलीज. आम्हाला टाइम कुठला? शिपायांचे तडाखे कापून टाकले. काठी उचलतात आणि उभे राहतात, तेवढंच ठेवलं.

शांभवी : आणि सगळ्यांना यांचंच तोंड?

साईराम : दुसरी तोंडं करायलाही टाइम नव्हता. प्रोड्यूसर म्हणाला, सिनेमा चाललाय ना, गेम कसलाही असो, लोक घेतील. घेतला लोकांनी. आता शिव्या देतात. नुसतं मारत सुटायचं, आत काहीच नाही म्हणतात.

वरुणराव : काही नाही कसं? मी आहे की. परवा चहाच्या दुकानात एकानं दाखवलं मज. माझी मान उडाली. मी पडलों. मागून परत मीच आलों, काठी उचलून उभा. त्यानं पोट फाडलं. परत मी. तो माणूस चहा पीत पीत खेळत होता. बसस्टँडवर पोरं ओरडतात, वाध्यार, काठी उचला!

शांभवी : म्हणून रघुपतीस मारलंत?

वरुणराव : पहिला तडाखा हातानं मारला. काठी अंगावर आली की हात विचारीत नाही. तो गुडघ्यांवर बसला. कपाळ फुटलं होतं. तसाही हसला नी म्हणाला, "वाध्यार, तुम्हांला मारतां येतं की!"

शांभवी : मग?

वरुणराव : दुसरा मी मारला.

शांभवी : देवा!

वरुणराव : डोळ्यावर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. अजून कानांत आहे.

साईराम : हळू बोला, अण्णा. आधी माझं ऐका. रघुपती शुद्धीवर आलाय. पोलिसानं विचारलं तर म्हणाला, घाटावर पाय घसरला, पायरी लागली. त्यांनी लिहून घेतलं. केस नाही, काही नाही.

शांभवी : रघुपती असं म्हणाला?

साईराम : माझ्यासमोर. आता फक्त हा त्याचा फोन, तुम्ही हॉस्पिटलात माझ्या हातात दिलात तो. त्यात सगळं आलंय, दोन्ही तडाखे. एक बटन, अण्णा. डिलीट करतो.

शांभवी : कर, साईराम. लवकर कर.

वरुणराव : नागलक्ष्मी आली होती तिथं.

शांभवी : त्याची आई?

वरुणराव : माझ्या पायां पडली. म्हणाली, वाध्यार, माझ्या लेकास खांद्यावर घालून आणलंत, देवासारखे आलात.

शांभवी : तुम्ही काय म्हणालात?

वरुणराव : काय म्हणणार? त्या गेममधल्या शिपायासारखा उभा राहिलों.

शांभवी : तिला सांगून डोळा परत येणार आहे का? तुम्हाला आत टाकतील. मला भीती वाटते हो. या घरात मी एकटी कशी राहू?

वरुणराव : मजही भीती वाटते. फोन दे इकडं, साईराम.

साईराम : अण्णा, स्टेशनात हे दाखवलंत तर सोडणार नाहीत तुम्हाला. रघुपती स्वतः वाचवतोय, मग तुम्ही का?

वरुणराव : एकदा माझे तडाखे तूं कापून टाकलेस. हा राहूं दे.

साईराम : वैनी, तुम्ही तरी सांगा यांना.

शांभवी : ...दे त्यांना फोन. आणि तुम्ही ती वेष्टी बदला. स्टेशनात मागून जाऊ, आधी नागलक्ष्मीकडं चला. मी येते बरोबर.