तपासणीच्या दिवशी आजारी

(नेदरलँड्समधलं टिलबर्ग, मार्च २०१६. रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर कागदांचा पसारा. एका बाजूला उत्तरा, विद्यापीठात इंग्लंडच्या शाळांचा इतिहास शिकवणारी आणि त्यावरच पुस्तक लिहिणारी. समोर तिचे वडील अप्पा, सांगोल्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक, मुलगी, जावई शैलेंद्र आणि नात शिवांगी यांच्याकडे येऊन तीन आठवडे झाले तरी घरात मफलर न सोडणारे.)

अप्पा : थांब, थांब. परत वाच ते. तिन्ही वर्षं आजारी?

उत्तरा : तिन्ही. ही त्या शाळेची रोजनिशी आहे, हेडमास्तर स्वतः लिहायचा. अठराशे एकाहत्तर : 'आज इन्स्पेक्टरसाहेब आले. एलन पाईक गैरहजर, आजारी.' बाहत्तर : 'एलन पाईक आजारी.' त्र्याहत्तरला पुन्हा तेच. आणि गंमत म्हणजे दर वेळी दुसऱ्या दिवशी पोरगी हजर!

अप्पा : तिच्याबद्दल मास्तरनं अजून काही लिहिलंय?

उत्तरा : लिहायची सोयच नव्हती. घडलं तेवढंच नोंदवायचं, स्वतःचं मत लिहायचं नाही, असा नियम होता. म्हणून मलाच अंदाज बांधावा लागला. खाणकामगारांचं गाव, गरिबी, पोटाला अर्धं. त्या पोरांच्या तब्येतीवर मी चांगलं दीड पान लिहिलंय. आमच्या प्रोफेसरना फार आवडलं.

अप्पा : हं.

उत्तरा : तुमचं 'हं' मला लहानपणापासून माहितेय, अप्पा. काय चुकलं ते सांगा.

अप्पा : चुकलं म्हणत नाही. त्या वेळी तपासणीची पद्धत काय होती म्हणालीस?

उत्तरा : अठराशे बासष्टपासून जवळजवळ पस्तीस वर्षं एकच पद्धत. साहेब वर्षातून एकदा येणार, एकेका पोराला पुढे बोलावून वाचन, लेखन, गणित बघणार. जितकी पोरं पास, तितकं शाळेला अनुदान. शेकडा किती पास झाली ते अहवालात यायचं आणि पुष्कळ ठिकाणी मास्तरची नोकरी त्यावरच टिकायची. त्यामुळे तापानं फणफणलेली पोरंसुद्धा घोंगडीत गुंडाळून आणायचे आणि साहेबापुढे उभी करायचे.

अप्पा : मग ही एलनच तेवढी का नाही आणली?

उत्तरा : फारच आजारी असेल.

अप्पा : दुसऱ्या दिवशी हजर होती म्हणालीस.

उत्तरा : असतात हो अशी मुलं. आपल्या शाळेत नव्हती का हौसा? माझ्या शेजारी बसायची. तीपण दर तपासणीला आजारी पडायची. खरं सांगू का, ते दीड पान लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे हौसाच होती.

अप्पा : काढून टाक ते दीड पान.

उत्तरा : अहो, पण का?

अप्पा : एलन आजारी नव्हती. पास होणारं पोर तापातसुद्धा आणतात आणि नापास होणारं ठणठणीत असलं तरी घरी ठेवतात. मास्तरनं आदल्या दिवशी सांगितलं असणार तिला, उद्या येऊ नकोस म्हणून.

उत्तरा : आणि याला पुरावा? 'माझ्या वडिलांना वाटतं' असं लिहू?

अप्पा : वाटत नाही, माहितेय. मी लिहिलंय ना. हजेरीपटावर. 'आजारी.' माझ्या अक्षरात.

उत्तरा : हौसाच्या नावापुढे?

अप्पा : दुसरीत, तिसरीत, चौथीत. वाडीवरनं तीन मैल चालत यायची पोरगी. एरवी एक खाडा नाही. पण वाचायला उभी केली की घशातून शब्द फुटायचा नाही. एकेक अक्षर जुळवत बसायची, आणि विस्तार अधिकाऱ्याला कुठला तेवढा दम? त्यानं शेरेबुकात एक वाईट शेरा मारला की माझ्या वर्षभराच्या कष्टावर पाणी. म्हणून आदल्या दिवशी म्हणायचो, हौसे, उद्या तुला सुट्टी.

उत्तरा : ती काय म्हणायची?

अप्पा : काय म्हणणार? सात वर्षांचं पोर. पहिल्या वर्षी दप्तर डोक्यावर घेऊन उड्या मारत गेली. सुट्टी मिळाली म्हणून! त्या उड्या मला अजून दिसतात.

उत्तरा : आणि साहेबापुढे धडा वाचायला तुम्ही मला उभं करायचात.

अप्पा : तू घडाघडा वाचायचीस. साहेबानं एकदा खूश होऊन खिशातलं पेन दिलं होतं तुला.

उत्तरा : ते पेन अजून आहे माझ्याकडे. आता ते हातात कसं धरू?

अप्पा : तुझा काय दोष त्यात? माझं ऐक. चौथीत मला सांगावंही लागलं नाही. आदल्या दिवशी आपणहून आली टेबलापाशी. 'गुरुजी, उद्या सायेब येणार न्हवं? मग म्या येत न्हाई.' आणि मी काय म्हणालो असेन? 'शहाणी आहेस' म्हणालो. शहाणी! चौथी झाल्यावर आईनं तिचं नाव काढलं. म्हणाली, गुरुजीच तिला माघारी लावत्यात, तर शाळेत ठेवून काय करू?

उत्तरा : हे तुम्ही आईजवळसुद्धा कधी बोलला नाहीत.

अप्पा : कोणत्या तोंडानं बोलणार? त्याच वर्षी शंभर टक्के निकाल म्हणून आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याचा फोटो तू इथं हॉलमध्ये टांगलायस आणि आल्यागेल्याला दाखवतेस.

उत्तरा : म्हणून आल्यापासून तुम्ही त्या भिंतीकडे पाठ करून बसता? मला वाटलं, हीटर जवळ पडतो म्हणून.

अप्पा : आता तोंड उघडलंच आहे तर पुढचंही ऐक. मी निवृत्त झालो तेव्हा पटांगणात सत्कार झाला. मांडव, हार, व्यासपीठावर झाडून सगळे साहेब. कार्यक्रम आटपून बाहेर आलो, तर फाटकाशी हौसा उभी. कडेवर पोर. म्हटलं, हौसे, आत का नाही आलीस? तर म्हणाली, 'आत सायेब हायती न्हवं, गुरुजी.' सहज म्हणाली. रागानं नाही. आणि वाकून पाया पडली माझ्या.

उत्तरा : अप्पा…

अप्पा : तिनं चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. लाज वाटते गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तेव्हा, आणि ते अजून गेलेलं नाही. … पाणी दे जरा. आणि आता तू मला एक सांग. फ्रिजवर चुंबकाखाली कागद आहे, तो कसला?

उत्तरा : तो होय… शिवांगीच्या शाळेचा.

अप्पा : मला डच वाचता येत नाही, पण पोरीला विचारलं मी. म्हणाली, एप्रिलात मोठी परीक्षा आहे आणि त्या दिवशी मला सुट्टी.

उत्तरा : तसं नाही हो. परदेशातून येऊन चार वर्षं झाली नसतील आणि भाषा कच्ची असेल, तर परीक्षेतून वगळा म्हणून अर्ज करता येतो. आम्हाला तीनच वर्षं झालीत. इथं बाराव्या वर्षीच पोरांना वेगवेगळ्या शाळांत वाटून टाकतात. इंग्लंडनं तसली परीक्षा बहुतेक ठिकाणी मोडीत काढली, मीच शिकवते ते. शिवांगीला तिच्या बाईंनी आधीच व्हीएमबीओची शिफारस केलीय. म्हणजे सगळ्यात खालची पायरी.

अप्पा : परीक्षेत चांगले मार्क पडले तर?

उत्तरा : तर शिफारस वर जाऊ शकते.

अप्पा : आणि कमी पडले तर?

उत्तरा : खाली नाही जात.

अप्पा : म्हणजे पोरीचं नुकसान काहीच नाही. मग तिच्या बाई म्हणतात का, वगळा म्हणून?

उत्तरा : नाही. बाई म्हणतात, बसू दे तिला.

अप्पा : मग अर्ज कोण करतंय?

उत्तरा : मी.

अप्पा : हं.

उत्तरा : साडेपाचशेपैकी आकडा येतो, अप्पा. आइंडहोवनच्या आपल्या मराठी मंडळात मे महिना आला की दहावीचा निकाल लागल्यासारखं चालतं. शैलेंद्रच्या ऑफिसातल्या प्रसन्नच्या मुलीला गेल्या वर्षी पाचशे सत्तेचाळीस मिळाले, तर त्यानं घरोघर पेढे वाटले. आकडाच नसला तर कुणी विचारणार नाही. भाषेमुळे बसली नाही म्हटलं की विषय संपला. शैलेंद्रलाही मी तसंच पटवलं. म्हटलं, पोरीच्याच भल्यासाठी.

अप्पा : मीही हेच म्हणायचो. हौसाच्याच भल्यासाठी. चारचौघांत फजिती नको पोरीची.

उत्तरा : तीन वर्षं मी दीडशे वर्षांपूर्वीच्या मास्तरांना नावं ठेवतेय. पानंच्या पानं भरलीत. आणि माझ्याच स्वयंपाकघरात… तुमच्याकडे बघवत नाहीये मला, अप्पा.

शिवांगी : आई, माझ्या सायकलचा लाइट परत गेला! … ओ. तुम्ही भांडताय?

अप्पा : नाही गं. इकडे ये, बस. त्या मोठ्या परीक्षेच्या दिवशी तू काय करणार आहेस?

शिवांगी : मी छोट्या मुलांच्या क्लासमध्ये हेल्प करणार. पेपर कटिंग अँड ऑल. इट्स फन.

अप्पा : परीक्षेला बसावंसं नाही वाटत?

शिवांगी : वाटतं थोडं. जूफ म्हणाली, आय कॅन डू इट. म्हणजे माझी टीचर. बट ओके आहे, अप्पा. मी नाही बसत.

उत्तरा : का गं? बसावंसं वाटतं म्हणालीस ना?

शिवांगी : तू बाबाला फोनवर म्हणालीस, नंबर लो आला तर सगळे विचारतील. आय हर्ड. सो मी नाही बसत. इट्स फाइन, आई, रिअली.

अप्पा : ऐकलंस, उत्तरा?

उत्तरा : ऐकलं. … शिवांगी, तो फ्रिजवरचा कागद आण बरं.

शिवांगी : साइन करणार?

उत्तरा : नाही. तू फाड तो.

शिवांगी : मी? … अँड नंबर लो आला तर?

उत्तरा : आला तर आला.

शिवांगी : प्रसन्नकाकाला काय सांगशील?

उत्तरा : जो येईल तो आकडा. त्यानं विचारायच्या आधी. आणि मला माफ कर, बाळा. तू फोनवरचं ऐकलंस म्हणून नाही. मी ते बोलले म्हणून.

शिवांगी : ओके. … अप्पा, तुम्ही मला मॅथ्स शिकवणार? तुम्ही स्ट्रिक्ट आहात का?

अप्पा : होतो. आता नाही. जा, वही काढून ठेव, आलोच. सावकाश काढ, घाई नाही.

उत्तरा : ते दीड पान काढते मी आजच. पण त्या जागी तुम्ही सांगितलेलं लिहायचं, तर खाली टीप द्यावी लागेल. कुणी सांगितलं म्हणून लिहू?

अप्पा : एका मास्तरनं.

उत्तरा : नाव नको ना घालायला?

अप्पा : घाल. गाव, शाळा, सगळं घाल. पण हौसाचं माझ्या आधी घाल.