गवारीला ऊन दाखवलं

आमच्या सासूबाईंचा कायदाच हाय: साठवणीच्या जिनसेला ऊन दाखवायचं. त्या गवार गच्चीवर वाळवतात. मी गेल्या उन्हाळ्यात उकळत्या पाण्यातून काढून सरळ फ्रीजरमध्ये भरली.

"ऊन न दाखवलेलं शिळंच. मी खाणार न्हाई," त्या म्हणल्या.

"नका खाऊ. मी तर करणारच."

डिसेंबरात त्या गच्चीवर ऊन खात बसल्या होत्या. मी बर्फानं कडक झालेली गवारीची पिशवी नेली अन् त्यांच्यासमोर कठड्यावर आपटली.

"घ्या आत्याबाई, दाखवलं ऊन! आता बोला."

जेवताना त्यांनी त्याच गवारीची भाजी दोनदा मागून घेतली. मंग हात धुता धुता विचारलं, "भेंडीबी ठेवली का गं? उद्या तिलाबी ऊन दाखव."