मिस्त्रींनी पास केलेली गाडी

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पिकअप मालक संघाचे प्रमुख, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून आलो ते आपले मिस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, आणि सभागृहात जमलेले गाडीमालक, चालक, गॅरेजमधली मंडळी व बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. आमचा कारखाना शाळांची बाकं आणि कपाटं बनवण्याचा. तिथे करवतीच्या आवाजावर बोलावं लागतं, त्यामुळे माझा आवाज चढला तर माईकवाल्यांनी तो खुशाल कमी करावा.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मिस्त्रींच्या चौतीस वर्षांच्या नोकरीबद्दल फार छान सांगितलं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाच्या पोटातलं दुखणं ओळखणारा माणूस आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. मी त्यांची जीभही पाहिली आहे. एकदा एक गृहस्थ जुनी पिकअप चकाचक पॉलिश करून विकायला घेऊन आले होते. मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "विकायची आहे की दाखवायला आणलीय हिला?" ते गृहस्थ आल्या वाटेने परत गेले.

असा हा माणूस. याच माणसाने नऊ वर्षांपूर्वी आमच्यासाठी एक गाडी तपासली होती. मला आज त्या गाडीबद्दल बोलायचं आहे. अध्यक्षमहाराज, दहा मिनिटांची मर्यादा मला ठाऊक आहे. ती थोडी ओलांडली जाईल.

आमची आधीची पिकअप जुन्या बनावटीची होती. धूर ओकायची, पण कधी वाटेत बसली नाही. ती थकली तेव्हा माझ्या यजमानांनी एक वापरलेली, पण नव्या मॉडेलची गाडी पाहिली. तीन वर्षांची, एकहाती चाललेली. ते मिस्त्रींना घेऊन गेले. मिस्त्रींनी तेल पाहिलं, चॅसी पाहिली, खाली झोपून एकेक सांधा पाहिला, अठरा किलोमीटर चालवली आणि म्हणाले, "घ्या दादा. काही खोट दिसत नाही."

खोट दिसत नव्हती हे अगदी खरं होतं. आज इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की नव्या गाड्यांच्या पोटात एक संगणक असतो. धुराच्या गाळणीत काही बिघडलं, एखादा सेन्सर गेला, की तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो. तरीही दाद दिली नाही तर गाडी स्वतःचा जोर स्वतःच कमी करते, मग तुम्ही पाय कितीही दाबा. आणि विकणाऱ्याने यंत्र लावून त्या संगणकाची आठवण पुसून टाकली, तर दिवा काही दिवस विझलेला राहतो. गाडी धडधाकट दिसते. तेव्हा हे आपल्या गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात दिवा लागला. गाडीत छत्तीस बाकं भरलेली होती, दोऱ्या आवळून झाल्या होत्या. शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती आणि तिथले मुख्याध्यापक आदल्या दिवसापासून फोन करत होते. यजमान गाडीतून उतरून मला म्हणाले, "दिवा लागलाय गं. मिस्त्रींना दाखवतो आणि मग निघतो."

मी म्हणाले, "लागू दे. परवाच घेतलीय गाडी, मिस्त्रींनी पास केलीय. पोरं जमिनीवर बसतील उद्या. संध्याकाळी दाखवा."

ते पुन्हा गाडीत चढले. मग म्हणाले, "बरं."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घाटाच्या चढावर ते एका संथ ट्रेलरच्या पुढे जात होते. निम्मे पुढे गेले आणि गाडीचा जोर गेला. समोरून बस आली. बसमधल्या कुणाला फारसं लागलं नाही, एवढंच त्या दिवसाचं बरं.

आठवड्याने मिस्त्री आमच्या दारात आले. चेंदामेंदा झालेली गाडी त्यांनी स्वतःहून दुसऱ्या शहरात नेऊन तिचा संगणक वाचून घेतला होता. विक्रीच्या दोन दिवस आधी पाच जुने दोष पुसले होते, ते निघालं. ते उंबऱ्यापाशीच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, गाडी मी पास केली. दोष माझा आहे. तुम्ही काय बोलाल ते ऐकायला आलोय."

मी काहीच बोलले नाही. मी एवढंही म्हणाले नाही की मिस्त्री, आत या. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती, दाराआडून ऐकत होती. तिने त्या दिवसापासून या माणसाला आपल्या वडिलांचा घात करणारा मानलं. ते महिन्यातून एकदा आमच्या कारखान्यातली यंत्रं बघायला यायचे, तेव्हा ती उठून आत जायची. मी तिला एकदाही अडवलं नाही. मला ते सोयीचं होतं. दोष ठेवायला दुसरी जागा मिळाली होती ना. नऊ वर्षं माणूस किती सहज गप्प बसू शकतो, हे मला विचारा.

आणि मिस्त्रींनी या नऊ वर्षांत काय केलं? सत्तेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या वर्गात बसून ते गाडीचा संगणक वाचायला शिकले. वापरलेली पिकअप दोन दिवस चालवून, पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय ती त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही. लोक वैतागले, विकणारे चिडले. "एवढं काय त्यात?" असं मीही लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांनी एकशे एकोणनव्वद गाड्या नाकारल्या. त्या गाड्या ज्यांनी घेतल्या नाहीत, त्यातली कितीतरी माणसं आत्ता या सभागृहात बसली आहेत.

हा आकडा मला कसा कळला, तर संघाने भाषणाच्या तयारीसाठी मला मिस्त्रींची तपासणीची वही आणून दिली. बिचाऱ्यांनी चांगल्या हेतूने दिली. तिच्यात पहिलीच नोंद आमच्या गाडीची आहे. पुसलेले पाच दोष तिथे लिहिले आहेत. त्याखाली लिहिलं आहे: "दिवा लागल्यापासून चाललेलं अंतर, एकेचाळीस किलोमीटर." त्याच्याखाली एकच ओळ: "घरी हे बोलायचं नाही."

आमच्या अंगणापासून त्या चढापर्यंत एकेचाळीस किलोमीटर आहेत.

म्हणजे मिस्त्री, तुम्ही उंबऱ्यावर उभे होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. दिवा आमच्या दारातच लागला होता आणि तरी गाडी निघाली, हे माहीत असून तुम्ही म्हणालात, दोष माझा. मी जे लपवत होते, तेच तुम्ही माझ्यापासून लपवत होतात. तेही माझ्यासाठी.

नाही, मिस्त्री, बसा. मान हलवू नका. आज मला बोलू द्या.

ती वही वाचून चार दिवस झाले. काल दुपारी मी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते इतकी वर्षं यायचे, मी त्यांना साधं पाणीही विचारलं नाही." एवढं बोलून उठली ती आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तो तिचा हक्क आहे. पण ती आली आहे. तिसऱ्या रांगेत बसली आहे. मघाशी फाटकाशी मला म्हणाली, "सन्मानचिन्ह मी देईन. मला बोलायला लावू नकोस."

अध्यक्षमहाराज, कार्यक्रमपत्रिकेत हे काम आपल्या नावावर छापलं आहे. आपण ते तिला करू द्यावं, ही विनंती.

मला इथे उभं केल्याबद्दल संघाची आणि इतकं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल, वेळ तर नक्कीच जास्त झाला, ते सभागृहाने पोटात घालावं.

आणि मिस्त्री, तुमच्याकडे मी जी माफी मागते आहे, ती बोलण्यातल्या चुकीची नाही. ती न बोलण्याची आहे. तुम्ही लगेच हो म्हणू नका.