बाई आमच्याच गल्लीतली

फट्… सर्र… फट्… सर्र! अशा वाजायच्या हो तिच्या चपला, एक पाय उचलायची, दुसरा ओढायची, आणि तुम्हाला सांगतो, ती चाल मरायच्या आत एकदा बघावी एवढंच मागणं होतं माझं, तर कॉम्प्युटर म्हणतो, नाही! ही डीव्हीडी इथे लागणार नाही! अहो, लागणार नाही म्हणजे? बाई आमच्याच गल्लीतली आहे!

बाई म्हणजे माझी बायको. मुलगा रांगत होता तेव्हाच गेली. फोटो आहेत, पण फोटोतलं माणूस चालतं का? ती चालते फक्त एका सिनेमात. परदेशी लोक आमच्या गल्लीत सिनेमा काढायला आले होते, ही नळावरून बादली घेऊन निघाली, तर त्यांचा साहेब म्हणे, "बाई, पुन्हा एकदा चला!" ही कसली ऐकते! "पाणी सांडलं तर पुन्हा नळावर तुम्ही उभे राहणार का?" …तरी चालली बिचारी.

सिनेमा इकडे आलाच नाही. एवढ्या वर्षांनी मुलानं तिकडून कुठूनशी जुनी डीव्हीडी मागवली, घातली, तर कुलूप! जिथे विकली त्याच भागातल्या यंत्रावर चालणार म्हणे. अहो, पण बाई आमच्याच गल्लीतली ना! दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, यंत्राचा देश बदलता येतो, पण पाचदाच. मग शेवटी लावाल तोच देश कायमचा. आणि असली यंत्रं आता मिळत नाहीत, तेव्हा जपून."

जपून कसलं! मुलानं अंदाजानं एक देश लावला, नाही. दुसरा लावला, नाही… शेवटची एकच खेप उरली, तेव्हा किमतीच्या चिकटपट्टीखाली त्याला भागाचा आकडा सापडला. "बाबा, कळलं! संध्याकाळी आलो की दोघं बघू. तोवर हात लावू नका हं."

नव्हतोच लावत हो! नुसता समोर बसलो होतो. पण दुपार सरेना… आणि पडद्यावर देशांची यादी उघडी. शाळा किती शिकलो ते विचारू नका, पण आपल्या देशाचं नाव मला वाचता येतं. म्हटलं, इतके परके देश लावून झाले, आपला कुणी लावलाच नाही! बाई कुठली? आमच्याच गल्लीतली! …दाबलं. अहो, यंत्र मुळात आपल्याच देशाचं होतं, म्हणून तर पहिल्यांदा अडलं, पण हे दाबायच्या आधी डोक्यात येईल तर ना!

संध्याकाळी मुलगा आला. चपलासुद्धा न काढता पडद्यापुढे वाकला. वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अरे, मला वाटलं, बाई आपल्याच गल्लीतली…" ओरडला असता तर बरं झालं असतं हो! आईला चालताना पाहिल्याचं त्याला आठवतच नाही. तो नुसता वळला आणि आतल्या खोलीकडे निघाला.

फट्… सर्र… फट्… सर्र…

मला दिसली हो ती. त्याला कशी दिसणार? तो तर पाठ करून चालला होता.