महागाई उतरली तेव्हा

कष्टाची भाकर कधी महाग पडत नाही, असं आमचे बाबा सांगायचे, आणि काय सांगू तुम्हाला, त्या भाकरीची ज्वारी मामा गावाहून फुकट पाठवायचा. मी बुवापाड्यातच जन्मले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, एवढाच माझा प्रवास. कामाला मात्र उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात सुटे धागे कापायचे, नगावर मजुरी.

आमचे हे वॉचमन होते, त्यांना साखरेचा आजार, दोन वेळचं इंजेक्शन. दूध चढलं, भाडं चढलं, इंजेक्शनाचं तर विचारूच नका, तेव्हा हे म्हणाले, एक वेळचंच घेतो, जेवण तरी कुठे दोन वेळचं उरलंय.

मी सेठला म्हटलं, नगामागे थोडं वाढवा. सेठ सिंधी, तोंडाचा गोड, म्हणाला, मौसी, जीन्स का भाव बढ़ता ही नहीं, तेरेको कहाँ से दूँ? खोटं नव्हतं ते, अख्ख्या बाजारात एकच वस्तू महाग होत नव्हती आणि मी नेमके तिचेच धागे कापत होते. वर म्हणाला, मेरा साला परदेस में है, लागोस में, वहाँ पाव का सुबह एक भाव, शाम को दूसरा, तुम लोग तो लकी हो. मी म्हटलं, मग काय सेठ, तिकडच्या पावावर पोट भरू? हसला. हसायला पैसे पडत नाहीत.

मग एक दिवस हे मोबाईलवर बातम्या बघताना ओरडले, अगं, महागाई उतरली! आता आमच्यात उतरली म्हणजे ताप उतरतो तशी, अंग गार. मी तशीच मेडिकलमध्ये गेले, म्हटलं, भाऊ, आता दोन्ही वेळचं द्या, उतरलेल्या भावानं. तो म्हणाला, मावशी, महागाई उतरली म्हणजे भाव उतरला असं नसतं, भाव चढतोच, नुसता हळू चढतो, आणि ती सगळ्याची सरासरी असते, टीव्ही, मोबाईल, कपडे धरून. मी म्हटलं, टीव्ही टोचता येतो का?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाय वर घेतला, अंगठा काळा पडलेला, म्हणाले, मग हेपण हळूच चढतंय. ते मात्र हळू चढलं नाही. आधी अंगठा गेला, मग घोट्याच्या वरून पाय कापला. डॉक्टर ओरडले, इंजेक्शन का बुडवलंत? हे म्हणाले, महागाई उतरायची वाट बघत होतो.

आता दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम घालतात. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, सेठचं भलं होवो, लागोसवाल्याचंही होवो. परवा ह्यांना चप्पल आणायला गेले होते. एका पायाची विकत नाहीत. जोडी घेतली.